आपला अर्ज आपणच लिहावा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशी शिक्षणाच्या संधी’ हा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, संधी सांगणारे फ्लेक्स आपल्या एस. टी. स्टँडसमोर भरपूर लागलेत, त्यात माझी भर नको. मला एकाच कागदाबद्दल बोलू द्या. तो कागद म्हणजे कॅनडाचं स्टडी परमिट. मी चौदा वर्षं तिकडे ओंटारिओ प्रांतात राहते, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. मी वकील नाही, इमिग्रेशनची सल्लागारही नाही. पण आपल्या गावातून कोणी कॅनडाला जायचं ठरवलं की एक फोन मला येतोच, आणि बहुतेक वेळा तो नकार आल्यानंतर येतो.

असाच एक फोन २०२३ च्या नोव्हेंबरात माझ्या ताईचा आला. माझी भाची फूड टेक्नॉलॉजीची पदवीधर. दोन वर्षं एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करत होती. ओंटारिओतल्या एका कॉलेजात अन्नसुरक्षा आणि गुणवत्ता या विषयाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता. परमिटचा अर्ज मात्र नाकारला गेला. ताई फोनवर रडत होती. “एवढी हुशार मुलगी, तिच्यात काय कमी होतं गं?” दाजी बोलतच नव्हते. पेढे आधीच वाटून झालेले, त्यामुळे ताईनं महिनाभर कोणाच्या घरी जाणं बंद केलं. भाची प्रयोगशाळेत राजीनामा देऊन बसली होती.

ताईचा तो प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथल्या प्रत्येक घरात नकाराचा अर्थ असाच लावला जातो, की मुलात काहीतरी कमी होतं. नकाराच्या पत्रातून काही कळत नव्हतं. त्यात छापील कारणं होती: तुमच्या भेटीचा उद्देश पटत नाही, तुमचे मायदेशाशी बंध पुरेसे दिसत नाहीत, तुमची आर्थिक स्थिती समाधानकारक नाही. अशी पत्रं हजारो जणांना जातात.

पण प्रत्येक निर्णयामागे अधिकाऱ्यानं संगणकात लिहिलेली टिपणी असते. कॅनडात माहिती मिळवण्याचा कायदा आहे, आपल्या माहिती अधिकारासारखा. तिथे राहणारी व्यक्ती पाच डॉलर भरून, अर्जदाराच्या लेखी संमतीनं, ही टिपणी मागवू शकते. मी ती मागवली. आता २०२५ च्या जुलैअखेरपासून स्टडी परमिटच्या काही नकारपत्रांसोबतच ही टिपणी देऊ लागलेत, त्यामुळे पुढच्या मुलांना वाट पाहावी लागणार नाही. पण आली तर ती वाचा. शब्द न् शब्द वाचा.

आमच्या टिपणीत जेमतेम सात-आठ ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा: अर्जदार अविवाहित, तरुण, कोणी अवलंबून नाही. याच विषयातली पदवी आधीच आहे, मग एवढा खर्च करून खालच्या पातळीचा अभ्यासक्रम का, हे स्पष्ट नाही. उद्देशपत्र सर्वसाधारण स्वरूपाचं आहे. वडिलांच्या खात्यात अर्जाच्या थोडे दिवस आधी मोठी रक्कम जमा झाली, ती कुठून आली याचा खुलासा नाही. या सगळ्यावरून मुदत संपल्यावर ती परत जाईल याची खात्री पटत नाही.

मी ताईला म्हटलं, “यात तुझ्या मुलीबद्दल एक वाक्य तरी वाईट आहे का? त्यांना तुझी मुलगी दिसलेलीच नाही.”

आता अर्ज कोण वाचतं आणि काय शोधतं ते सांगते. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीत कलम २१६ आहे. त्यानुसार अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते की हा विद्यार्थी परवानगीची मुदत संपली की देश सोडेल. कलम २२० पैशांबद्दल आहे: फी, राहण्याचा खर्च आणि जाण्यायेण्याचा खर्च नोकरी न करता भागेल इतके पैसे हवेत. म्हणजे मुख्य प्रश्न तीनच. हेच शिक्षण का? पैसे कुठून? मुदत संपल्यावर काय?

हे पाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर अर्जांचा ढीग असतो. त्यांच्याकडे ‘शिनूक’ नावाचं एक्सेलवर आधारलेलं साधन आहे, त्यात अनेक अर्जांची माहिती ओळींमध्ये मांडून दिसते. मी आयुष्यभर संगणकाचे पडदे बनवत आले आहे, त्यामुळे एवढं सांगू शकते की ओळींमागून ओळी वाचणाऱ्या माणसाला जे समोर दिसतं तेच दिसतं. “कागद पाहून समजून घेतील” ही आपली सवय तिथे चालत नाही. बँकेतल्या साहेबांना जाऊन भेटता येतं, तलाठ्याला सांगता येतं. या अधिकाऱ्याला तुम्ही भेटणार नसता. स्टडी परमिटसाठी बहुधा मुलाखतही होत नाही. तुमच्या वतीनं बोलणारा कागद हाच एक.

आणि आमच्या भाचीच्या वतीनं काय बोललं गेलं होतं? ते उद्देशपत्र मी मागवून वाचलं. एजंटनं लिहून दिलेलं दीड पान. कॅनडा हा निसर्गसुंदर, बहुसांस्कृतिक देश आहे, तिथलं शिक्षण जागतिक दर्जाचं आहे, लहानपणापासून माझं स्वप्न आहे. त्यात दूध हा शब्दसुद्धा नव्हता.

मी तिला विचारलं, “अगं, तुला खरंच हा कोर्स का करायचाय?”

ती म्हणाली, “मावशी, टँकर परत येतात म्हणून.”

मग तिनं अर्धा तास सांगितलं. गाईला कासदाह झाला की अँटिबायोटिक देतात. औषधाचा अंश उतरेपर्यंत ते दूध डेअरीला घालायचं नसतं. पण घरात तेवढंच उत्पन्न असलेला माणूस दूध घालतो. त्या एका कॅनमुळे अख्खा टँकर तपासणीत नापास होतो आणि परत पाठवावा लागतो. प्रयोगशाळेत तिला फक्त निकाल लिहायचा असायचा, पास की नापास. दूध संकलन केंद्रापासून पिशवीपर्यंत धोका नेमका कुठे शिरतो, तो तिथेच कसा अडवायचा, त्याच्या नोंदी कशा ठेवायच्या, ऑडिट कसं करायचं, हे तिला शिकायचं होतं. पदवीत ते एका प्रकरणापुरतं झालं होतं. या कोर्समध्ये संपूर्ण वर्ष त्यालाच दिलेलं होतं. “पदवी असताना हा कोर्स कशाला?” या अधिकाऱ्याच्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर तिच्याकडे होतं, आणि ते तिला कोणी विचारलंच नव्हतं.

या शाळेत आपण सगळ्यांनी अर्जलेखन केलंय. पाच मार्कांचा प्रश्न. मायना, विषय, मजकूर, आपला नम्र. मराठीच्या बाई सांगायच्या की वाचणारा तुम्हाला ओळखत नाही असं धरून लिहा. मी भाचीला दुसरं काही सांगितलं नाही. म्हटलं, मराठीत लिही आधी. जे मला बोललीस ते लिही. मग त्याचं साधं इंग्रजी कर. तिचं पत्र सव्वा पानाचं झालं. निसर्गसौंदर्य गेलं, टँकर आला. दूध संघाचं अनुभवपत्र सोबत जोडलं.

आता पैशांकडे येते, कारण पालक इथे बसलेत.

दाजींचं काहीही खोटं नव्हतं. आपल्याकडे मुलीच्या शिक्षणाला पैसे उभे राहतात तसेच ते उभे राहिले होते. धाकट्या काकांनी सहा लाख दिले, ताईनं मुदतठेव मोडली, थोडं सोनं बँकेत ठेवलं, आणि सगळं एका आठवड्यात एका खात्यात भरलं. आपल्याला त्यात कुटुंबाची माया दिसते. वाचणाऱ्याला दिसतं की काल खात्यात काही नव्हतं आणि आज चौदा लाख आहेत, म्हणजे उसने आणून दाखवले असतील. ते बँकेचे मागचे चार महिने पाहतात ते यासाठीच. उपाय एकच, प्रत्येक रकमेचा माग लिहून द्यायचा. मुदतठेव मोडल्याची पावती, सोनेतारणाचं पत्र, काकांचं ‘ही रक्कम परतफेडीच्या अटीशिवाय दिली’ असं पत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा, उसाची बिलं कारखान्याकडून बँकेत जमा झाल्याच्या नोंदी. जे कागद मराठीत आहेत, त्यांचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह जोडायचं. आणि हे लक्षात ठेवा, सातबारा दाखवून जमीन आहे एवढं कळतं, पण फी जमिनीतून भरता येत नाही. त्यांना हातातला पैसा पाहायचा असतो.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी अडचण वाढली होती. वीस वर्षांहून जास्त काळ राहण्याच्या खर्चासाठी १०,००० डॉलर दाखवायला लागायचे. १ जानेवारी २०२४ पासून ती रक्कम २०,६३५ झाली. सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ आहे, म्हणजे एकट्या विद्यार्थ्याला साधारण चौदा-पंधरा लाख रुपये, आणि फी व प्रवास त्याहून वेगळे. घरात बैठक बसली. दाजी म्हणाले, मळ्याचा तुकडा गहाण टाकू. भाचीनं पहिल्यांदाच आवाज चढवला. “दादा, मळा ठेवायचा नाही. मळा गहाण टाकून मी तिथे गेले तर मला झोप लागणार नाही.” तिनं स्वतःच्या नावावर शैक्षणिक कर्ज घेतलं, दूध संघात पुन्हा कामाला लागली, आणि अर्ज जानेवारीऐवजी सप्टेंबरच्या प्रवेशासाठी केला. सहा-आठ महिने गेले. काही बिघडलं नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. मुदत संपल्यावर काय? इथे एजंट सांगतात, “परत येणार म्हणून लिहायचं, आणि मग बघू.” मुलं लिहितात, आणि आत कुठेतरी त्यांना टोचत राहतं. माझ्या भाचीनं मला थेट विचारलं, “मावशी, मला तिथे नोकरी मिळाली तर राहावंसं वाटेल. मग मी खोटं लिहू का?”

खोटं लिहायची गरज नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यातच कलम २२ चं दुसरं पोटकलम आहे. पुढे कायम राहण्याची इच्छा असणं, एवढ्यावरून कोणाला तात्पुरता प्रवेश नाकारायचा नसतो. अट एवढीच की दिलेली मुदत संपायच्या आत तो देश सोडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणून तिनं खरं तेच लिहिलं: नियमानं काम करण्याची परवानगी मिळाली तर अनुभव घेईन, न मिळाल्यास मुदतीत परत येईन. आणि परत येण्यासारखं इथे काय आहे ते लिहिलं. दूध संघानं तिला लेखी दिलं होतं की शिकून आल्यास गुणवत्ता विभागात तिचा विचार करू. हे पत्र तिनं स्वतः जाऊन मागितलं होतं. एजंटनं ‘ऑफर लेटर बनवून देतो’ म्हटलं होतं. ते तिनं घेतलं नाही, आणि बरं झालं. खोटा कागद किंवा लपवलेली गोष्ट सापडली तर पाच वर्षांची बंदी येते, आणि कागद कोणी बनवला हे तिथे कोणी विचारत नाही. सही अर्जदाराची असते. आधीचा नकारसुद्धा लपवायचा नाही. अर्जात तसा प्रश्न असतो. तिनं ‘हो’ लिहिलं आणि नकारानंतर काय सुधारलं ते तीन मुद्द्यांत मांडलं.

२०२४ च्या जूनमध्ये तिला मंजुरी आली.

ही गोष्ट ऐकून कोणी असं घरी नेऊ नका की पत्र छान लिहिलं की परमिट मिळतंच. कॅनडानं २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे. त्या पहिल्या वर्षी सुमारे ३,६०,००० मंजुऱ्यांचं लक्ष्य होतं, आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. त्यासाठी २२ जानेवारी २०२४ पासून बहुतेकांना प्रांताचं एक पत्र जोडावं लागतं. मास्टर्स आणि पीएच.डी. करणाऱ्यांना सरकारी विद्यापीठांसाठी १ जानेवारी २०२६ पासून ते लागत नाही. झटपट निकालाची म्हणून प्रसिद्ध असलेली योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, तरी तिचे फ्लेक्स अजून दिसतात. शिक्षणानंतरच्या वर्क परमिटसाठी कॉलेजच्या पदविका आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमांना आता ठरावीक विषयांची यादी आहे. फी भरण्यापूर्वी आपला कोर्स त्या यादीत आहे का, ते सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. त्यातून फी निघेल हा हिशोब कोणी सांगितला तर त्याच्याकडून उठून या.

एजंटांबद्दलही थोडं बोलते. त्यांतले सगळे वाईट नाहीत. पण अनेकांना कॉलेजकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं, त्यामुळे तुम्हाला कोणता कोर्स योग्य आणि त्यांना कोणता फायद्याचा, ही दोन उत्तरं वेगळी असू शकतात. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार तिकडच्या वकिलांना व पॅरालीगलना, परवानाधारक सल्लागारांना आणि क्वेबेकच्या नोटरींनाच आहे. पैसे घेऊन अर्ज भरणारा माणूस फॉर्मवर प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव घालायला तयार नसेल, तर त्याचं कारण विचारा. सरकारी शुल्क म्हणाल तर अर्जाचे १५० आणि बोटांच्या ठशांचे ८५ डॉलर, साधारण पंधरा हजार रुपये. ठसे पुण्यात किंवा मुंबईत देता येतात. वैद्यकीय तपासणी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. २०२३ मध्ये पंजाबातल्या अनेक मुलांची प्रवेशपत्रं खोटी निघाली, ती शिकून नोकरीला लागल्यावर. त्यानंतर डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेतलं जातं. तुम्हीही कॉलेजला स्वतः एक ईमेल पाठवून खात्री करा. त्याला पैसे पडत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. इथे मिळतं ते मंजुरीचं पत्र आणि पासपोर्टवरचा व्हिसा. खरं परमिट तिकडच्या विमानतळावर अधिकारी छापून देतो. म्हणून सगळे कागद हातातल्या बॅगेत ठेवा, आणि काउंटर सोडण्यापूर्वी नाव, मुदत आणि अटी वाचून घ्या.

नकार आला तर काय? पुन्हा अर्ज करता येतो. निर्णय अन्यायाचा वाटला तर कॅनडाच्या फेडरल कोर्टात ६० दिवसांत दाद मागता येते. २०१९ च्या वाविलोव्ह खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की सरकारी निर्णयामागे समजेल अशी कारणमीमांसा असली पाहिजे. कोर्ट परमिट देत नाही, फार तर प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं, आणि वकिलाचा खर्च मोठा असतो. आणि काही वेळा न जाणं हेही उत्तर असतं. आपल्याच शाळेचा एक मुलगा दोनदा नकार आल्यावर थांबला. आज चाकणला चांगल्या नोकरीत आहे. त्याला मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाला, “नकाराचं नाही वाटत ताई. गावात लोक दोन वर्षं विचारत राहिले, त्याचं वाटलं.” ते विचारणारे आपणच. तेवढं आपण बंद करू शकतो.

माझ्या भाचीचा कोर्स गेल्या ऑगस्टमध्ये संपला. सध्या ती वर्षभराच्या वर्क परमिटवर दुग्धपदार्थांच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, रात्रपाळी करते. पुढे तिकडे राहील की इकडे येईल हे तिलाही ठाऊक नाही. पण दोन्हींपैकी काहीही झालं तरी तिनं लिहून दिलेलं एकही वाक्य खोटं ठरणार नाही. ताईला आता त्याचंच समाधान जास्त आहे.

शेवटी माजी विद्यार्थी मंडळाला एक विनंती. दरवर्षी दिवाळीनंतरचे दोन रविवार आपण शाळेत बसू. मी तिकडून व्हिडिओवर येईन. मुलांनी आपलं पत्र मराठीत लिहून आणायचं, आपण ते वाचायचं आणि फक्त प्रश्न विचारायचे: हे का? पैसे कुठून? पुढे काय? आपल्यापैकी कोणीही त्यांच्यासाठी एक वाक्यसुद्धा लिहून द्यायचं नाही. ज्या मुलांना परदेशी जायचं नाही त्यांनीही यावं. या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांनाही लागणारच आहेत.